निळ्या दिव्याखालचे परार्ध

प्रवाळाच्या टाकीवरचा निळा एलईडी दिवा आपल्याला मंद वाटतो. हिरवट-पिवळ्या, ५५५ नॅनोमीटरच्या प्रकाशाला माणसाचा डोळा सर्वांत तल्लख असतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याची दाद जेमतेम ४ टक्के. लक्स मोजणारा मीटर याच डोळ्याबरहुकूम बनवलेला, म्हणून त्याच्यावर विसंबून प्रवाळ वाढवू नयेत. टाकी किती उजळ दिसते याचे प्रवाळाला काहीच नाही. त्याच्या अंगावर प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, किती पडतात यावर त्याचे पोट चालते.

रीफ टँक ठेवणारे हे कण मायक्रोमोलमध्ये मोजतात. एक मायक्रोमोल म्हणजे ६०२ आणि पुढे १५ शून्ये. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची नावे परार्धापर्यंत दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्ये, आणि एका मायक्रोमोलमध्ये असे ६ परार्ध मावतात. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल पडतात. घरच्या टाकीत ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळाला २०० ते ३५० पुरतात. आपण २००च धरू, उन्हाचा दहावा हिस्सा. तरी एक चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर सेकंदाला १ कोटी २० लाख अब्ज फोटॉन आदळतात! चार फूट लांब, दोन फूट रुंद टाकीवर हा प्रकाश सगळीकडे सारखा धरला, तर दहा तासांत ३ कोटी परार्ध. एवढे रेणू पाण्यात मोजायचे तर मात्र जेमतेम अर्धी वाटी पाणी पुरते.

हे कण टिपणारा प्रवाळ स्वतः नव्हेच. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले ते टिपतात. दर चौरस सेंटिमीटरला ती दहा लाख किंवा त्याहून अधिक असतात, एकेकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. दहा लाखच धरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला १२०० कोटी फोटॉन येतात. अर्थात सगळेच शोषले जात नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधायला किमान ८ फोटॉन खर्ची पडतात, आणि त्यातून तयार झालेल्या अन्नापैकी ९० टक्क्यांपर्यंत शैवाल यजमानाला देऊन टाकते. या शिदोरीवर प्रवाळ आपला चुन्याचा सांगाडा रचतो. उजेडात हे काम अंधारापेक्षा सुमारे तिपटीने चालते. समुद्रात ॲक्रोपोराची फांदी वर्षाला १० सेंटिमीटर वाढू शकते, म्हणजे सरासरी सेकंदाला ३ नॅनोमीटर. तिच्या सांगाड्याचा स्फटिक अरॅगोनाइट या खनिजाचा, त्याचे एकक साधारण अर्ध्या नॅनोमीटरचे. दर सेकंदाला पाच-सहा थर चढतात, वर्षभर, न थांबता.

मग दिवा वाढवत का नेऊ नये? कारण एका मर्यादेपुढे शैवालाला कण पचवता येत नाहीत. जास्तीच्या ऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात, प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. नव्या तुकड्याला पूर्ण प्रकाशाची सवय हळूहळू, काही आठवड्यांत लावावी.

रंगाचे गणित याला जोडूनच येते. शैवालाचा रंग तपकिरी. हिरवे, गुलाबी, जांभळे रंग यजमानाच्या प्रथिनांचे, आणि निळा प्रकाश वाढला की अनेक जातींत ही प्रथिने अधिक बनतात. त्यातली चमकणारी प्रथिने निळा फोटॉन गिळून सुमारे ३ नॅनोसेकंदांत हिरवा किंवा लाल सोडतात. तेवढ्या वेळात प्रकाश फक्त ९० सेंटिमीटर जातो.

टाकीसाठी प्रवाळ आणण्याआधीची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. भारतात सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मालवणच्या खडकांवरचेसुद्धा. तिथले प्रवाळ तिथेच राहू द्यावेत.

मला सर्वांत थक्क करतो तो चंद्र. पौर्णिमेचा प्रकाश उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या हिश्शाएवढा. तरीही प्रवाळाला तो जाणवतो; प्रकाश ओळखणारी क्रिप्टोक्रोम प्रथिने त्याच्यात असल्याचे २००७ मध्ये दाखवले गेले. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये सूर्य, चंद्र आणि पाण्याचे तापमान यांचे वर्षभराचे चक्र बंद टाकीत हुबेहूब उभे केले, आणि ॲक्रोपोराच्या चार जातींनी तिथे बीज सोडले. ही पद्धत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पौर्णिमेचा उजेड जमिनीवर पाव लक्सच्या आसपास भरतो. दिवाणखान्यातला साधा दिवा १०० लक्स सहज देतो, म्हणजे चारशे पौर्णिमा एकाच वेळी. टाकी कुठे ठेवायची हे ठरवताना महागड्या दिव्याच्या आधी रात्रीच्या काळोखाची सोय बघावी.