संगणकावरील लिलाव : सौदा पक्का केव्हां होतो?

शेतमालाचा लिलाव आपल्याकडील शेतकऱ्यास नवा नाहीं. १८८६ सालीं कारंजा येथें कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला, १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि पुढें उपरण्याखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याऐवजीं चारचौघांदेखत बोली करण्याची रीत बाजारांतून रूढ झाली. कळमन्याच्या बाजारांत संत्र्याच्या ढेरीपाशीं उभा असलेला शेतकरी शेवटची बोली स्वतःच्या कानांनीं ऐकतो. परंतु १४ एप्रिल २०१६ रोजीं ‘ई-नाम’ ही राष्ट्रीय योजना सुरू झाल्यापासून संगणकावर किंवा मोबाइलवर बोली करण्याची सोय झाली आहे. तेथें हातोडा वाजत नाहीं, बोली करणाराचें तोंडही दिसत नाहीं. सबब पडद्यावर उमटलेला भाव व्यापाऱ्यावर कायद्यानें बंधनकारक होतो किंवा नाहीं, ही शंका पुष्कळांस येते.

तो बंधनकारक होतो, हें प्रथमच सांगून टाकतों. १८७२ चा करार कायदा मालाच्या विक्रीस कागद मागत नाहीं. प्रस्ताव, त्याची स्वीकृति, मोबदला व करारास पात्र असे पक्ष एवढें असलें म्हणजे तोंडी सौदाही करारच होय. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यांत मागाहून घातलेलें १०-अ हें कलम २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलांत आहे. करार विद्युत् साधनानें झाला, एवढ्याच कारणानें तो निरर्थक ठरणार नाहीं, असें तें सांगतें. २०१० सालीं बॉक्साइटच्या एका व्यवहारांत ई-मेलच्या देवघेवीनेंच करार पुरा झाला, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला.

खरा प्रश्न निराळा आहे : कोणत्या क्षणीं? १९३० च्या मालविक्री कायद्याचें ६४ वें कलम लिलावासंबंधीं आहे. हातोडा पाडून किंवा रूढ असलेल्या अन्य रीतीनें लिलाव पुरा झाल्याचें जाहीर होतें तेव्हां विक्री पूर्ण होते, आणि तोंपर्यंत बोली करणारास बोली मागें घेतां येते. हें तत्त्व इंग्लंडांत १७८९ सालच्या पेन विरुद्ध केव्ह या खटल्यांत ठरलें. तेथें चाळीस पौंडांची बोली करणारानें हातोडा पडण्यापूर्वीं ती मागें घेतली व तो सुटला. बोली हा प्रस्ताव, हातोडा ही स्वीकृति. ‘ई-नाम’वर मुदत संपतांच सर्वांत वरची बोली दिसते खरी, परंतु तो भाव नाकारण्याचा अधिकार शेतकऱ्यास ठेविलेला आहे, अर्थात् त्यानें होकार कळविला म्हणजे मगच हातोडा पडला असें समजावें. होकारास विलंब लावून भाव चढण्याची वाट पाहणारानें हें ध्यानांत ठेवावें, कारण त्या अवधींत मूळ कायदा व्यापाऱ्यासही मोकळें ठेवितो. बाजाराच्या नोंदणीच्या अटींत बोली मागें घेण्यास बंदी असेल तर त्या अटींअन्वयें इलाज चालेल. म्हणून त्या अटी वाचून घेणें अगत्याचें आहे.

करार कोठें झाला हा वाद विदर्भाच्या वाट्यास पूर्वींच येऊन गेला आहे. २२ जुलै १९५९ रोजीं खामगांव व अहमदाबाद यांमध्यें टेलिफोनवरून सरकीच्या पेंडीचा सौदा झाला. पेंड आली नाहीं म्हणून अहमदाबादच्या खरेदीदारांनीं खामगांवच्या गिरणीवर ३१,१५० रुपयांचा दावा आपल्या गांवीं लाविला. खामगांवकरांचें म्हणणें असें कीं, होकार आम्हीं येथें दिला, सबब करार येथेंच झाला. सर्वोच्च न्यायालयानें १९६५ सालीं बहुमतानें ठरविलें कीं, होकार जेथें ऐकूं आला तेथें, म्हणजे अहमदाबादेस, करार झाला. नागपूर उच्च न्यायालयाचे पूर्वींचे मुख्य न्यायमूर्ति हिदायतुल्ला यांनीं मात्र खामगांवच्या बाजूनें भिन्नमत दिलें. त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. तात्पर्य, परगांवच्या व्यापाऱ्यास कळविलेला होकार त्याच्या पेढीच्या गांवीं पोंचला असें धरलें जाण्याचा संभव आहे. तथापि वादाचें कारण अंशतः जेथें घडलें तेथेंही दिवाणी दावा चालतो. माल कळमन्यास तोलून द्यावयाचा असल्यास नागपूरचें न्यायालय दुरावत नाहीं.

सौदा पक्का झाला म्हणजे मालाची जोखीम उतरली, ही समजूत मात्र घातक आहे. किंमत ठरविण्याकरितां विकणारानें माल तोलून द्यावयाचा असेल, तर तोल होऊन त्याची खबर घेणारास मिळेपर्यंत मालकी बदलत नाहीं, असें २२ वें कलम म्हणतें. आणि २६ व्या कलमाप्रमाणें, उलट ठराव नसल्यास, जोखीम मालकीच्या मागोमाग जाते. समजा, सोयाबीनच्या ढेरीचा लिलाव दुपारीं दोन वाजतां झाला, शेतकऱ्यानें होकार दिला, आणि काट्यावर नंबर लागण्यापूर्वींच अवकाळी पावसानें ढेरी भिजली. सौदा झालेला आहे, तरी नुकसान बहुधा शेतकऱ्याच्याच माथीं येतें! व्यापाऱ्याच्या कसुरीमुळें तोल लांबला असेल, तर त्या कसुरीनें होणाऱ्या हानीची जोखीम त्याजवर पडते. पण ती कसूर सिद्ध करावी लागते. म्हणून लिलावाची वेळ, होकाराची वेळ व तोलाची वेळ या तिन्हींची नोंद हातीं असावी. ताडपत्री तर असावीच.

दूरचा खरेदीदार ढेरी पाहत नाहीं; तो प्रतवारीचा दाखला पाहतो. असा माल वर्णनावरून किंवा नमुन्यावरून विकला गेला असें कायदा मानतो, आणि माल त्याबरहुकूम नसेल तर तो नाकारण्याचा हक्क खरेदीदारास येतो. वरच्या दोन पोत्यांतून काढलेला नमुना शेतकऱ्याच्याच मुळावर येतो. तसेंच भाव चढविण्याकरितां आपल्याच माणसाकडून खोटी बोली करविली, तर खरेदीदारास विक्री रद्द करतां येते.

पुष्कळ घरीं मोबाइल मुलाच्या हातीं असतो. आपल्या परवानगीनें दुसऱ्यानें पाठविलेला संदेशही आपलाच धरला जातो, हें विसरूं नये.

आतां पैशांविषयीं. माल जोंपर्यंत आपल्या ताब्यांत आहे तोंपर्यंत, उधारीचा ठराव नसल्यास, किंमत हातीं पडेपर्यंत तो अडवून ठेवण्याचा हक्क ४७ व्या कलमानें विकणारास दिला आहे. व्यापाऱ्यानें किंवा त्याच्या माणसानें कायदेशीरपणें ताबा घेतला कीं हा हक्क संपतो. एकदां ट्रक फाटकाबाहेर पडून खरेदीदाराच्या हवालीं झाला, म्हणजे सौदा कितीही पक्का असो, शेतकऱ्याजवळ पैशाची मागणी तेवढी उरते. ती १९६३ च्या बाजार कायद्याप्रमाणें बाजार समितीपुढें नेतां येते, अथवा दिवाणी न्यायालयांत.