शेडमागचा टेम्पो जोडावा की भंगारात द्यावा?

बर्फाच्या शेडमागे सुटा करून ठेवलेला जुना तीनचाकी टेम्पो सगळ्यांनी पाहिलाय. भंगारवाला दोनदा येऊन गेला. पण याच गाडीवर रापणीचे बांगडे बाजारात जायचे. इंजिन पुढे, ओढ पुढच्या एकाच चाकाला. मागे पाट्या भरल्या की वाळूत ते चाक जागीच फिरायचं, मग खाली चुडतं घालून सगळ्यांनी ढकलायचं. बजाज टेम्पो कंपनीने जर्मन परवान्यावर या गाड्या काढल्या, म्हणून आजही माल वाहणाऱ्या कुठल्याही छोट्या गाडीला आपण टेम्पोच म्हणतो.

इंजिनाचं निभेल. टू-स्ट्रोक आहे, आपल्या आउटबोर्डवाल्या मेस्त्रीला ते कळतं. भीती चॅसीची. खाऱ्या हवेने पापुद्रे सुटलेत, हातोडी मारल्यावर भोक पडलं तर विषय संपला. शिवाय २०२१ च्या विंटेज नोंदणीत खासगी दुचाकी-चारचाकीच बसतात, मालवाहू तीनचाकी नाही. आणि साध्या पासिंगला लागणारी कागदपत्रं आपल्याकडे उरलेली नाहीत. म्हणजे मासळी वाहायला ती काही येणार नाही.

आमचं मत असं, की संस्थेच्या बर्फ-डिझेलच्या पैशाला हात लावू नये. चॅसी टिकली तर वर्गणी काढून जोडू, लिलावाच्या शेडपाशी उभी करू. रविवारी सकाळी मेस्त्री हातोडी घेऊन येतोय. डब्यातले नट-बोल्ट कुणी घरी नेले असतील तर तेवढे आणून द्या, विचारणार कुणी नाही.