राजदूत आणि आरएक्स १००: तेलाचा हिशेब

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे क्रँकशाफ्टच्या बंद कप्प्यातून, सिलिंडरकडे जात असल्याने तेथे वंगणाचा वेगळा साठा ठेवता येत नाही आणि तेल पेट्रोलाबरोबरच जळते. १७३ सीसीच्या राजदूत मोटारसायकलमध्ये ते टाकीतच मिसळावे लागे. १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० मध्ये मात्र स्वतंत्र पंप इंजिनाचा वेग व थ्रॉटल, म्हणजे मिश्रण आत सोडणारी झडप, किती उघडा आहे ते पाहून तेल सोडी.

मुंबईतील दादर टीटीच्या गर्दीत, थ्रॉटल जेमतेम उघडा असताना, टाकीत मिसळलेले ठरावीक प्रमाणातले तेल पुरते जळत नाही आणि एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे धूर बाहेर पडण्याच्या छिद्राच्या, कडेला काळा, चिवट कार्बन साचतो. उलट कसारा घाट उतरताना थ्रॉटल मिटला की पेट्रोलाबरोबर वंगणही आटते आणि पिस्टन जाम होण्याची भीती असते. दोन्ही प्रसंगी पंपाची योजना सरस ठरते, म्हणून शहरी वापरासाठी आरएक्सच अधिक भरवशाची मानावी लागते, जरी खडबडीत गावरस्त्यांवर दुधाचे कॅन वाहणाऱ्या राजदूतचा दणकटपणा तिच्यात नव्हता. आरएक्सचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. आज हौसेपोटी तिची किंमत फुगली असल्याने, घेणाऱ्याने चकचकीत रंगापेक्षा सिलिंडरची झीज आणि तेलपंपाची स्थिती आधी तपासावी.