बाळाचा अंधार

रात्री दोनच्या सुमारास बाळ कुरबुरतं. आई दिवा न लावताच त्याला पदराखाली घेते. पडद्याआडून झिरपणारा रस्त्यावरचा उजेड तिला पुरतो. बाळाचे ओठ, इवलीशी मूठ, सगळं दिसतं. महिन्याभराचं ते बाळ मात्र त्याच खोलीत आईपेक्षा कितीतरी गडद अंधारात असतं.

किती गडद, हे मोजलं गेलंय. बोलता न येणाऱ्या जिवाला ‘दिसतं का?’ हे विचारायची युक्ती साधी आहे. कोऱ्या जागेपेक्षा काहीतरी असलेल्या जागेकडे बाळाची नजर जास्त वळते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिडा टेलर यांनी या सवयीवरून काटेकोर चाचणी बेतली. अंधारात डावीकडे किंवा उजवीकडे मंद उजेडाचा मोठा ठिपका दाखवायचा. तो कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकाने बाळाकडे पाहून बाजू ओळखायची. उजेड कमी करत न्यायचा. निरीक्षकाची उत्तरं नुसत्या नशिबावर आली, की बाळाची मर्यादा कळली.

टेलर आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये निष्कर्ष मांडले. मोठ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या उजेडाच्या सुमारे ५० पट उजेड एक महिन्याच्या बाळाला लागतो. तीन महिन्यांच्या बाळाला सुमारे १० पट पुरतो. सहा महिन्यांच्या आसपास हा फरक जवळजवळ मिटतो.

अंधारात पाहण्याचं काम दृष्टिपटलावरच्या दंडाकार पेशी करतात. महिन्याच्या बाळातही त्या कामाला लागलेल्या असतात. मोठ्यांप्रमाणेच त्याचा डोळाही अंधारात ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो. पण पेशींची प्रकाश टिपणारी टोकं अजून आखूड असतात, त्यामुळे त्यांत ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य कमी मावतं. बॉस्टनमध्ये ॲन फुल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीनुसार, पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या बाळात पाचव्या आठवड्याच्या सुमारास ते मोठ्यांच्या निम्मं असतं. मात्र निम्म्या रंगद्रव्याने ५० पट फरक पडत नाही. टिपलेला संकेत मेंदूपर्यंत नेणारी पुढची वाटही तेव्हा कच्चीच असते. दृष्टिपटलाच्या कडेकडच्या दंडाकार पेशी आधी तयार होतात, मध्याजवळच्या मागाहून.

ऱ्होडॉप्सिन बनतं एक प्रथिन आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होणारा एक रेणू यांच्या जोडीने. उजेड पडला की हा रेणू आकार बदलतो आणि पेशी संदेश पाठवते. मग रंगद्रव्य पुन्हा बांधावं लागतं. ‘अ’ जीवनसत्त्व अपुरं पडलं की ही बांधणी अडते आणि रातांधळेपणा येतो.

म्हणून बाळंतपणानंतरचा पिवळसर चीक फेकून देण्याची जुनी रीत आपण कायमची सोडायला हवी. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असतं. म्हणूनच आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा १ लाख युनिटचा डोस पाजतात आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटचा. नवव्या महिन्यापर्यंत बाळाचा डोळा अंधारात पाहायला शिकलेला असतो. त्याला मिळालेली ही नजर टिकवणं आपल्या हातात आहे. लसीकरणाच्या कार्डावरचा तो डोस चुकवू नका.