भाड्याचे छप्पर (लेखांक ४) : मुदत कायद्याने दिली, पैसा कोण देणार?

मागच्या लेखांकात आपण डिपॉझिट आणि अकरा महिन्यांच्या कराराचा हिशेब पाहिला. आज त्यापुढचा प्रश्न घेऊ. भाडे थकले, तर घर टिकवण्यासाठी गरीब कुटुंबाला कुठली मदत मिळू शकते?

पनवेल महापालिका हद्दीतल्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल चढवणारे-उतरवणारे माथाडी, ट्रकचे चालक आणि क्लीनर, तळोजा एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, घरकाम करणाऱ्या बायका अशी कितीतरी कुटुंबे इथे भाड्याने राहतात. कुणी सिडकोने अल्प उत्पन्न गटांसाठी बांधलेल्या छोट्या घरांत, कुणी जवळच्या गावांतल्या खोल्यांत. कमाई कामावर अवलंबून, भाडे मात्र ठरल्या तारखेला द्यायचे. हात मोडला, कंत्राट संपले, घरात कुणी दवाखान्यात भरती झाले की पहिल्यांदा भाडे मागे पडते. किराणा आणि औषध थांबवता येत नाही.

आकड्यांत पाहू. समजा, भाडे ७,००० रुपये आणि डिपॉझिट ३०,००० रुपये आहे. दोन महिने थकले, म्हणजे देणे १४,००० रुपये. ते न जमल्यामुळे घर सुटले, तर मालक डिपॉझिटमधून १४,००० कापून १६,००० परत देतो. नव्या घरासाठी लागतात डिपॉझिटचे ३०,०००, एजंटचे एका महिन्याचे ७,०००, पहिले भाडे ७,००० आणि टेम्पोचे दोन-अडीच हजार. एकूण सुमारे ४६,०००. हातचे १६,००० वजा केले तरी ३०,००० रुपये उभे करावे लागतात, तेही १४,००० न जमलेल्या कुटुंबाने. मग व्याजाने पैसे काढणे आले, नाहीतर गावाकडे परतणे आणि मुलांची शाळा तुटणे. म्हणून घर सुटू न देण्यासाठी केलेली मदत ही घर सुटल्यानंतरच्या मदतीपेक्षा बहुधा स्वस्त पडते.

आता कायदा काय देतो ते पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे थकबाकीसाठी मालकाला थेट दावा लावता येत नाही. आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावे लागते. त्यानंतर दावा दाखल झाला, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरली आणि पुढचे भाडे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला बाहेर काढता येत नाही. म्हणजे कायदा दोनदा सावरायची संधी देतो.

मात्र हे संरक्षण भाडेकरूला आहे. लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याला कलम २४ लागते. मुदत संपली की घर सोडायचे. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई. प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेले, तर बाजू मांडण्याची परवानगीसुद्धा ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन मागावी लागते. आज शहरात बहुतेक नवे करार याच प्रकारचे असतात. त्यामुळे थकबाकीदाराला बाहेर काढायला मालकाला थकबाकीचा दावा लावण्याची गरजही पडत नाही. करार वाढवायचा नाही, एवढे बहुधा पुरते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

कायद्याने वेळ दिला, पण त्या वेळात पैसा कुठून येणार, याचे उत्तर कायद्यात नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे स्पष्ट दिसले. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याच्या आणि थकबाकीसाठी कुणाला घराबाहेर न काढण्याच्या सूचना दिल्या. सूचना माणुसकीच्या होत्या. पण भाडे पुढे ढकलले, माफ झाले नाही, आणि ते फेडायला निधीही उभा राहिला नाही. एका खोलीच्या भाड्यावर म्हातारपण काढणारे मालकही कमी नाहीत. त्यांनाही कुणी भरपाई दिली नाही.

मग आज हाताशी काय आहे? भाड्यासाठी म्हणून नव्हे, पण भाडे भागवू शकेल असा काही पैसा आहे. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) कार्ड असलेल्या कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतो. नोकरी गेल्यास अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत निम्म्या वेतनाइतकी मदत ९० दिवसांपर्यंत देण्याची तरतूद आहे. तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे. कंत्राटदाराने ईएसआय भरला आहे की नाही, हे म्हणूनच कामावर असतानाच तपासावे. दुसरी मदत वकिलाची. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. कळंबोलीकरांनी पनवेलच्या तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत हप्ते ठरवून घेता येतात. तिथल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते.

जर्मनीत मुदत आणि पैसा या दोन टोकांना जोडले आहे. तिथेही घर खाली करण्याचा दावा पोचल्यावर दोन महिन्यांत थकबाकी भरली, तर त्या कारणाने दिलेली तातडीची नोटीस सहसा रद्द ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, असा दावा आला की न्यायालय स्थानिक मदत-कार्यालयाला कळवते आणि ते कार्यालय थकबाकी, बहुधा कर्जाच्या रूपाने, भरू शकते. अमेरिकेने कोविडकाळात भाडेमदतीसाठी ४६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली, पण कागदपत्रांच्या अटींमुळे सुरुवातीचे कित्येक महिने ती लोकांपर्यंत फार सावकाश पोचली. निधी असणे पुरेसे नाही, तो मुदतीत पोचला पाहिजे.

आपल्याकडे भाडेकरूला मिळणारी मुदत जर्मनीपेक्षा मोठी आहे. कमी आहे ती निधीची आणि जोडणीची. आणि निधी उभारणे आपल्याला नवे नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने काम देणाऱ्या मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेऊन हमालांना भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळवून दिली. बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ बांधकाम खर्चावरच्या १ टक्का उपकरावर चालते. माथाडी मंडळ, बांधकाम कामगारांचे मंडळ आणि पनवेल महापालिका यांनी मिळून तातडीचा भाडेनिधी सुरू करावा. दोन-तीन महिन्यांची थकबाकी, वर्षातून एकदा, थेट मालकाच्या खात्यात. शक्य त्याला हप्त्याने परतफेड. आणि अर्ज तालुका विधी सेवा समितीच्या खिडकीवर, म्हणजे वकील आणि पैसा एकाच ठिकाणी. लायसन्सवाल्यांसाठी अट एकच: थकबाकी मिळाल्यावर मालकाने करार निदान सहा महिने वाढवावा. मालकाचे पैसे बुडत नाहीत आणि कुटुंब जागेवर राहते. अशा निधीसाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही. पनवेल महापालिकेच्या पुढच्या अर्थसंकल्पात एक लहानशी तरतूद करूनही सुरुवात होईल. ती मागणी प्रभागाच्या नगरसेवकाकडे लेखी जायला हवी, आणि ती भाडेकरू व मालक दोघांच्या सह्यांनी जावी.

(पुढील लेखांक : डिपॉझिट परत मिळवताना)