निकाल कोणाचा, नियम कोणत्या सालचा?

च्युइंगमच्या पाकिटातून निघणारी खेळाडूंची चित्रे लहानपणी आम्हीही जमवली. त्यांचे कोपरे दुमडले, काही हरवली, कोणाचे काही बिघडले नाही. अमेरिकेत मात्र अशाच कार्डांचा प्रचंड बाजार उभा राहिला आहे. बेसबॉलपटू मिकी मँटल याचे टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेले एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. या बाजारात किंमत केवळ खेळाडूच्या नावावर ठरत नाही. एका खासगी कंपनीने कार्डाला दिलेल्या अंकावर ती ठरते. म्हणूनच विचारले पाहिजे की, हा अंक देणारा कोण आणि तो कोणत्या नियमाने देतो?

पद्धत साधी आहे. मालक शुल्क भरून कार्ड पाठवतो. परीक्षक चार गोष्टी तपासतो : चित्र बरोबर मध्यभागी छापले आहे काय, कोपरे कसे आहेत, कडा कशा आहेत आणि पृष्ठभागावर ओरखडे वा डाग आहेत काय. मग १ ते १० मधील एक श्रेणी ठरते आणि कार्ड प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत कायमचे बंद होते. या धंद्यातील सर्वांत मोठी कंपनी पीएसए. तिची सुरुवात १९९१ साली झाली. नाण्यांना श्रेणी देण्याच्या व्यवसायातून आलेल्या डेव्हिड हॉल यांनी तीच पद्धत कार्डांना लावली.

एका अंकाने काय फरक पडतो? मायकेल जॉर्डन याचे फ्लीअर कंपनीचे १९८६ चे कार्ड घ्या. १० श्रेणीची प्रत जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरला गेली. ९ श्रेणीच्या प्रतीला त्याचा लहानसा हिस्साच मिळतो. दोन्हींतला फरक साध्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. ज्याने आयुष्याची बचत अशा कार्डात गुंतवली, त्याच्यासाठी तो एक अंक म्हणजे घर किंवा मुलांचे शिक्षण असू शकते.

आता नियमांकडे पाहू. सुरुवातीला पीएसए पूर्ण अंकच देत असे. १९९९ साली बेकेट या कंपनीने चार घटकांचे स्वतंत्र गुण व अर्धे गुण देण्यास सुरुवात केली. पीएसएने अर्धे गुण २००८ मध्ये स्वीकारले. पण ९ आणि १० यांच्यामध्ये, जिथे पैशाची दरी सर्वांत खोल आहे, तिथे अर्धा गुण ठेवला नाही. १० श्रेणीसाठी समोरच्या दोन बाजूंच्या मोकळ्या पट्ट्यांचे प्रमाण पूर्वी ६०:४० पर्यंत चालत असे. २०२५ मध्ये ती मर्यादा ५५:४५ करण्यात आली. म्हणजे काल १० ठरलेले कार्ड आज पाठवले तर ९ ठरू शकते. पण जुन्या डबीवरचा १० तसाच राहतो. डबीवर श्रेणी दिल्याची तारीख नसते. जाणकार प्रमाणपत्राचा क्रमांक आणि लेबलाची रचना पाहून काळाचा अंदाज बांधतात. नवख्याला दोन्ही १० सारखेच दिसतात.

आम्ही वकिली करतो. कायदा बदलतो, बदललाच पाहिजे. पण नवा कायदा कोणत्या तारखेपासून लागू आणि जुन्या व्यवहारांचे काय, हे लिहून ठेवावे लागते. नियम कडक केल्याबद्दल आमची तक्रार नाही. दोन वेगवेगळ्या नियमांचे निकाल एकाच अंकाखाली, तारखेविना बाजारात फिरतात, हा आमचा आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप निवाडा करणाऱ्याच्या स्थानाबद्दल आहे. परीक्षेचे शुल्क कार्डाच्या किमतीप्रमाणे वाढते. चांगल्या श्रेणीमुळे किंमत वाढली तर कंपनीचे शुल्कही वाढू शकते. निकालाबद्दल तक्रार असेल तर फेरतपासणी पुन्हा तीच कंपनी करते. पीएसएची मालक असलेल्या कलेक्टर्स या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये एसजीसी ही प्रतिस्पर्धी कंपनीही विकत घेतली. कोणी अप्रामाणिक आहे असे आम्ही म्हणत नाही. पण स्वतःचा हितसंबंध असलेल्या प्रकरणात कोणी न्यायाधीश असू नये, हे तत्त्व प्रामाणिक माणसालाही लागू असते.

ही भीती काल्पनिक नाही. पीएसएने श्रेणी दिलेले पहिलेच कार्ड होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे होते. ते १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटल्या गेलेल्या मालिकेतले. त्याला ८ श्रेणी मिळाली. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकले गेले. पुढे लिलावदार बिल मास्ट्रो याने २०१३ मध्ये न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि या कार्डाच्या बाजू आपण कापल्याचेही मान्य केले. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. कापलेल्या कार्डाला अंक देऊ नये, असा कंपनीचाच नियम आहे. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या निकालातच नियम मोडला गेला होता आणि सत्य बाहेर आले ते न्यायालयात.

यावर उपाय नाही काय? आहे. टॅग नावाची नवी कंपनी १००० गुणांच्या मोजपट्टीवर कार्ड तपासते आणि दोष कुठे आहेत याचा अहवालही देते. म्हणजे कारणे देणे अशक्य नाही. आमच्या मते किमान तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. डबीवर श्रेणीची तारीख व नियमाचे साल छापावे. गुण कशासाठी कापले ते लिहून द्यावे. आणि फेरतपासणी त्या कंपनीशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडे असावी.

ज्या निकालात कारणे नाहीत, तो वरच्या न्यायालयात टिकत नाही, हे आम्ही रोज पाहतो. तिथे निदान वर जायला एक पायरी असते. कार्डाच्या मालकापुढे बंद डबी असते आणि एक अंक. तो अंक का मिळाला, एवढे विचारण्याचा हक्क त्याने शुल्क भरतानाच कमावलेला असतो.