बाटलीची मूठ आणि तळावरचा आकडा

पाण्याची रिकामी बाटली उलटी केली तर तळाच्या मधोमध बारीक टिपका दिसतो. शाम्पूच्या किंवा फिनाइलच्या पुष्कळ बाटल्यांच्या तळाशी टिपक्याऐवजी आडवी रेघ असते. टिपक्याची बाटली आधी जाडसर परीक्षानळीसारखी ओततात, मग ती तापवून, ताणून फुगवतात. डू पॉन्ट कंपनीच्या नॅथॅनियल वायथ यांनी १९७३ साली पेटंट मिळवलं ते अशाच पेट बाटलीचं. रेघेची बाटली एक्स्ट्रूजन ब्लो मोल्डिंगची. यंत्रातून वितळलेल्या प्लास्टिकची पोकळ नळी खाली लोंबत उतरते, दोन्ही बाजूंनी साचा मिटतो, नळीचं बूड चिमटलं जातं आणि आत हवा सुटते. ती रेघ म्हणजे चिमट्याचा वण. साचा मिटतानाच नळीचा भाग मध्ये दाबून बाटलीच्याच अंगाची पोकळ मूठ काढता येते, आणि इथेच ही पद्धत भाव खाऊन जाते.

एचडीपीई हे प्लास्टिक या कामाला उत्तम. त्याची नळी स्वतःचं वजन पेलत लोंबते. पण ते दुधाळ, आरपार दिसत नाही. काचेसारखी पारदर्शक आणि वर मूठवाली बाटली हवी, तर बहुधा पॉलिएस्टरकडे, म्हणजे पेटच्या कुळाकडे, यावं लागतं. नेहमीचं पेट मात्र वितळलं की कच्च्या पाकासारखं ओघळतं, नळी धरून राहतच नाही. म्हणून एक तर त्याच्या रेणूंच्या साखळ्या लांब किंवा फाटे फुटलेल्या करतात, नाहीतर घटकच बदलून पीईटीजी वापरतात. दाणे आधी कडक सुकवणं दोन्हींत आलंच, कारण किंचित ओल राहिली तरी गरम यंत्रात त्या साखळ्या तुटतात.

माझा आक्षेप मुठीला नाही, तळावरच्या त्रिकोणातल्या १ या आकड्याला, म्हणजे पेटच्या खुणेला आहे. पीईटीजीच्या बाटलीवरही तोच आकडा छापला गेला की भंगारात ती पेटच्या ढिगात जाते. पाण्याच्या टाकीत एचडीपीईचे तुकडे तरंगून वेगळे होतात. पेट आणि पीईटीजी मात्र दोन्ही बुडतात. पुढे पेटचे तुकडे साधारण १६० अंश सेल्सिअसला सुकवतात. पीईटीजी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, शेजारच्या तुकड्यांना चिकटतं आणि ड्रायरमध्ये गठ्ठे होतात. अशा बाटल्या असतात तरी किती, असं कुणी म्हणेल. थोड्याच असतात, पण चिकटणारी वस्तू थोडी असली तरी गठ्ठा व्हायला पुरते.

रसायनाच्या दृष्टीने दोन्ही एकाच कुळातली आहेत, मग आकडा एकच असला तर बिघडलं कुठे, हा प्रश्न त्याहून वजनदार आहे. पण भंगारवाल्याला कुळाशी काय करायचंय? ताप दिल्यावर ते कसं वागतं, एवढंच त्याला पुरे. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्यात पेटची व्याख्या करताना घटकांच्या जोडीला वितळणबिंदूही धरला: २२५ ते २५५ अंश. मूठवाल्या बाटलीसाठीच बनवलेलं पेट त्यात बसलं तर बसू शकतं, पीईटीजी नाही. म्हणजे मुठीवर बंदी न घालताही आकडा खरा ठेवता येतो. भारताच्या २०२२ च्या नियमांनी कडक प्लास्टिकच्या वेष्टनात पुनर्वापरित मालाचं प्रमाण २०२५-२६ मध्ये ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के ठरवलं. तो माल याच ढिगातून यायचा आहे.

आपल्या स्वयंपाकघरातल्या पाच लिटरच्या तेलाच्या कॅनने हा पेच कधीच सोडवलाय: बाटली साध्या पेटची, आणि मूठ वेगळी करून मानेत अडकवलेली. दिसायला जरा गावठी, उचलायला चोख.